टाकली नाही, फिरवली

हॅलो?... हॅलो, हाव, आयकू येते. बोल.

कुठं होतो म्हन्जे? इथंच, पेटीपाशी. सकाळपासून इथंच उभा हाव. मिस कॉल म्याच मारला. अवं, तुह्या मासोळ्या समद्या वर येऊन राह्यल्या. पान्याबाहेर तोंड काढून नुसत्या आ करतात. खाली जातच नाहीत... पाचही. पाचही जनी.

मोटार? चालू हाय न. बुडबुडे निंगून राह्यले... लाईन गेली होती, पन थोडीशीच. अवं हात लावून पाह्यला, गुरगुर करते मोटार. तुले फोनवरून काय सांगू अजून?

पानी गरम नाही. खिडकीले पडदा लावेल हाय, तू सांगतला तसाच.

दाना? टाकला न. सकाळी टाकला... दुपारी... संध्याकाळीबी. अवं ओरडते काऊन? वर येऊन तोंड उघडत होत्या, मले वाटलं भूक लागली. मानसाले समजनार कसं, मासोळी भुकेली हाय का तिचा दम कोंडला?

हाव, हाव... उपाशी मरत नाहीत, समजलं. बाळ रडून राह्यलं का? घे त्याले आंधी... राखीजवळ दिलं? बरं. तिचे टाके दुखतात का अजून?... अवं पोरगी बाळंतीन हाय तर बापानं इचारू नाही का? बरं, बरं. मासोळ्याचंच बोल.

वास? थांब... नाही, वास नाही. बुडाशी दाना साचेल हाय, काढतो. पन पानी पाहशील तर म्हनशील काय पानी हाय! काचेवानी. परवा तू व्हिडीओवर म्हनली न, 'किती गढूळ केलं हो पानी'... आता ये पाहाले.

कसं झालं म्हन्जे? झालं.

काही नाही टाकलं... अवं नाही टाकलं, देवाशपथ! दवाई नाही, मीठ नाही, बोरचं खारं पानी नाही. तू जातानी बजावून गेली, पेटीत काही टाकू नोका. म्या काही नाही टाकलं.

फक्त तुरटी फिरवली.

हॅलो?... हॅलो? गेला का फोन?... मंग बोलत काऊन नाही?

अवं टाकली नाही, फिरवली! टाकनं येगळं अन् फिरवनं येगळं. आपन मडक्यात नाही का फिरवत पावसाळ्यात? तेच पानी जलमभर पेलो, आपल्याले काय झालं?... आता मासोळी पान्यातूनच दम घेते हे मले कोन सांगनार होतं?

किती म्हन्जे? पेटी मडक्याहून मोठी हाय, तर थोडी जास्त फिरवली... अख्खा खडा नाही गेला. उरला हाय थोडासा.

हाव, अक्कल नाही मले. राखीले सांग, जावयाले सांग, तिथल्या साऱ्या खामगावाले सांग! पन आंधी हे सांग, आता करू काय?

अर्धं पानी काढू? बरं. अन् भरू काशानं? बोरचं तर खारं... नळाचं ताजं नोको, पावडर असते त्यात, हाव, ते माहीत हाय मले... रांजनातलं शिळं? त्यातली पावडर उडेल हाय? अवं ते पेयाचं गोडं पानी हाय! नळ कधी येईन त्याचा भरोसा नाही, मी काय पेऊ मंग?

बरं. बरं म्हनलं न! ओततो.

ठेवू नोको फोन. एका हातानं काढून राह्यलो... लोट्या-लोट्यानं. सांडते थोडं, सांडू दे... झालं अर्धं. आता रांजनातलं ओततो. हाव, हळूच. काठाकाठानं... नाही पुरत. रांजनच अर्धा होता.

गफ्फारभाई! ओ गफ्फारभाई!... अवं तुले नाही, शेजारी भिंतीवरून आवाज देतो. गफ्फारभाई, एक घागर गोडं पानी द्या न, शिळं असन ते... राखीची माय हाय फोनवर. मासोळ्याईची तब्येत बिघडली... हासू नोका, द्या!

आनून देतो म्हने. आता हा साऱ्या वरवट गावात सांगत फिरन, मानिकरावच्या मासोळ्या बिमार हायत... फिरू दे.

हाव, आलं पानी. ओतून राह्यलो. ठेवा, गफ्फारभाई, तिथंच ठेवा... पाह्य, दोन खाली गेल्या. अवं हाव, खरंच! तिसरीबी. तिचं तोंडबी मिटलं... चवथी फिरून राह्यली.

पाचवी? हाय न... हाय पेटीतच, कुठं जाईन?... व्हिडीओ नोको लावू. नोको म्हनलं न. नेट नाही इथं.

...

आडवी पडली. हाव, तेच. तुही लांब शेपटीवाली... कल्ला हालत नाही तिचा. मले तर दिसत नाही हालतानी.

रडू नोको. राखीसमोर रडू नोको, तिले तरास होईन... काय? 'राहू द्या, दुसरी आनू'?

दुसरी नोको मले!

मासोळीच हाय, हाव, मीच म्हनत होतो. तू पेटी आनली तवा म्याच बोललो तुले. आता आयक. तू गेली तसं ह्या घरात मी दारातून आत आलो तर कोनी वळून पाहत नाही. ही पाहते. काचेले येऊन भिडते, तोंड उघडते. मले वाटे, 'आले का हो?' म्हनते. म्हनून टाकत होतो दाना. तिले भूक नोहोती, मले कळत होतं ते. मलेच करमत नोहोतं.

थांब, बाही वर सारतो.

हात घातला म्या. तळव्यावर घेतली तिले... कशी धरू? बुडबुड्यासमोर? तोंड तिकडं करून... हाव, पुढं सरकवतो... हळू... लय हलकी हाय वं ही...

...

हालला. कल्ला हालला, शालू!... नाही, थांबला पुन्हा... पन हालला होता, म्या पाह्यला... अवं ठेव आता फोन. ठेव म्हनतो न, मले दोन्ही हात लागतात.