वसंतआजोबांचा विषमज्वर

आमच्या घरात जिवंत माणसाला कसं मारतात, सांगतो. कॉलेज सोडून रिकामा बसलोय म्हणून गिरगावच्या आजोबांनी कुलवृत्तांताची प्रुफं माझ्या गळ्यात मारली. त्यात त्यांच्या धाकट्या भावापुढे, वसंतपुढे, छापलं होतं: ‘विषमज्वराने निधन’.

आजी हळूच म्हणाली, “कसलं निधन! परजातीत लग्न केलं म्हणून ह्यांनी हाकललं. माटुंग्याला असतात.”

गेलो. वसंतआजोबांनी ते पान वाचलं आणि हसले. “आईच्या नावाखाली मला जिवंत ठेवायला सांग रे. बाकी काही नको.”

गिरगावला परत येऊन आजोबांना म्हटलं, “ते जिवंत आहेत. दुरुस्त करा.”

पेपरातून मान वर न करता म्हणाले, “राहू दे. ऐंशी उलटलीय त्याची. पुस्तक छापून येईपर्यंत बरोबर होईल.”