बंद न होणारं गाणं

तुम्ही मले आज कॉम्प्युटरचा मास्टर म्हणता ना, पण मूल गावातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात एका बाईसमोर माझी काय गत झाली, ते ऐका.

तेव्हा कॉम्प्युटर नवीनच घेतला होता. दिवसभर गाणे लावून बसायचो. एका दुपारी जवळच्या खेड्यातली एक बाई आली. "भाऊ, तहसीलदार साहेबाले मदतीचा अर्ज लिवून द्या."

गाणं तसंच ठेवून मी टाइप करू लागलो. अर्धा अर्ज झाल्यावर विचारलं, "मदत कशासाठी बाई?"

"माहा नवरा मासे धराले गेला अन् तलावात बुडाला."

मी घाबरून स्क्रीनवरची गाण्याची खिडकी बंद केली. खिडकी गेली, पण गाणं सुरूच! तेही वरातीत नाचायचं. प्लेअर पुन्हा उघडला, तर माऊसच हलेना. कॉम्प्युटर बंद करावा, तर अर्ज सेव्ह केलेला नाई. "होते बाई, आत्ता बंद होते," म्हणत मी बटनं दाबून राह्यलो. ती पदर तोंडाशी धरून बसली होती.

शेवटी तिनं स्पीकरकडे बोट दाखवलं. "भाऊ, या डब्ब्याचं वायर काढलं त?"

मी माऊसच हलवत राह्यलो. तिनंच उठून वायर ओढलं. दुकान एकदम शांत झालं.

मग भीतभीतच तिनं विचारलं, "माह्या हातानं काई बिघडलं त नाई ना, भाऊ?"

मले तिच्याकडे पाहताही आलं नाई.