राजरत्न परत येतोय

नाही नाही, बस गं कस्तुरी. जर्मनीची नोकरी लागली म्हणून शहराच्या पार त्या टोकाहून, झोटवाड्याहून, पेढे घेऊन आलीस आणि लगेच निघालीस होय? विचार काय विचारायचं ते — माझा राजरत्न इतकी वर्षं राहिलाय तिकडं. थंडी? सवय होते. माणसं सरळ. तो तर म्हणायचा, आई, इथं काही बदलतच नाही — मतलब, तेव्हा म्हणायचा. आता बदललं ना. त्याचा कारखाना मोटारींचे गिअर करायचा. स्वस्त चिनी गाड्या आल्या, कामं आटली. तिकडून अमेरिका म्हणते, तुमचं तुम्ही राखा, आम्ही किती पहारा द्यायचा — आणि शेजारी लढाई पेटलेली. मग काय, त्याच कारखान्यात तोफगोळे. अर्ध्या लोकांना घरी बसवलं, याला ठेवलं — हुशार आहे ना. पगारही वाढवत होते.

आमचे हे म्हणाले, घे काम. रेल्वेत जन्म गेला यांचा, मालगाडीतून काय जातं ते कधी विचारलं नाही. म्हणाले, दारात रणगाडा आला तर त्या लोकांनी हात जोडून बसायचं का? तेही खरंच आहे की. राजरत्न म्हणाला, बाबा, त्यांनी करावेत, मी त्यांना चूक म्हणत नाही, पण माझ्या हातून व्हायचं नाही. तर हे म्हणाले, मग इथं तोंड दाखवू नकोस. फोनच ठेवला.

हो, शुक्रवारी येतोय — रजेवर. म्हणजे — रजा कसली गं. राजीनामा दिलाय त्यानं. कॉलनीत मी रजा म्हणून सांगतेय. आणि कुणाला बोलू नकोस, पण मला बरं वाटलं. त्या लोकांची झोप उडालीय, पोराची नोकरी गेलीय, आणि मी त्या दिवशी पोटभर जेवले. काय म्हणावं अशा आईला?

तू? तू जा की. तरणी माणसं हवीच आहेत त्यांना. फक्त तुझं काम कशात बसवणार ते विचारून घे. सॉफ्टवेअर असलं म्हणून काय झालं — उद्या ते कुठं जाईल, तुला कोण सांगणार आहे?

थांब, फाटक वाजलं. हे आले वाटतं — मला म्हणाले होते, पाय मोकळे करून येतो. अगंबाई, खांद्यावर रजई आहे. नवी, बापू बाजारातली दिसतेय. आमच्या दोघांच्या तर आहेत, मग ही तिसरी —

तू नीघ आता, तुला बघून लपवतील ती. मागच्या दारानं जा.