चौथ्या मजल्यावरच्या दोनशे दहा गोण्या

मग तुम्हीच सांगा यिपबाई, विश्वास ठेवायचा कोणावर—गोणीवर लिहिलेल्या वर्षावर, की स्वतःच्या नाकावर? बसा, बसा, उभ्यानं काय बोलायचं. दार तेवढं लोटून घ्या, ट्रामच्या घंटेत मला माझंच बोलणं ऐकू येत नाही. नाकावर, हो ना? माझे वडीलही तेच म्हणायचे. पण तुमच्या कामात नाक चालत नाही, कागद चालतो, म्हणून तर तुम्हाला हिशोबाला आणलं. आज तुमचा तिसरा दिवस, आणि तिसऱ्याच दिवशी सहामाही हिशोबाचा कागद सहीशिवाय परत आणलात—तुमच्या आधी या जागी असलेल्या आमच्या सिटसाहेबांना नाही म्हणायला एकोणीस वर्षं लागली होती. प्रगती आहे, प्रगती आहे.

कुठं अडलंय? दुसऱ्या टिपेवर. वाचा बरं. ‘या सहामाहीची लेखाधोरणं गेल्या वार्षिक हिशोबासारखीच आहेत.’ झालं की! यात चूक काय? मी शाळेत सहावीपर्यंत गेलोय, बाई, जमाखर्च शिकलो तो जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर. कंपनी शेअरबाजारात नेली तेव्हा वकिलानं साठ पानांची धोरणं लिहून दिली, पानामागे पैसे घेतले, आणि साठ पानांत मला एकच वाक्य कळलं—माल वहीत धरायचा तो खरेदीच्या खर्चानं, किंवा विकून हाती येईल त्या रकमेनं, दोन्हींत जी कमी असेल तिनं. मी म्हणालो, अहो, हे तर माझी आई भाजीवाल्याशी बोलताना करायची! वकील हसला. हसण्याचे पैसे वेगळे लावले असतील.

तेच धोरण आजही आहे. एक अक्षर बदललेलं नाही. काय म्हणालात? धोरण तेच आहे, पण पाळलं का? ...हं. चहा घ्या. गार झाला की त्यावर साय धरते, मग नको वाटतो.

हे बघा, संत्र्याच्या वाळवलेल्या सालीचा धंदा तुम्हाला माहीत नाही. खारवलेले मासे, वाळवलेले शिंपले—ते सगळं दिवसागणिक उतरतं. साल तेवढी चढते. सनवुईच्या बागांतून ताजी आणा, तीन पाकळ्यांत कापलेली, देठाशी जोडलेली. तीन वर्षं तिला कोणी विचारत नाही. दहा वर्षांनी वैद्य विचारतो, वीस वर्षांनी श्रीमंताची सासू. आता तुमच्या धोरणात ही चढती किंमत धरायला जागा आहे का? नाही. वीस वर्षांची साल, बाजारात सोन्याला टेकलेली, आणि वहीत? जुन्या काळच्या भावानं! मी कधी कुरकुर केली? चढली तेव्हा धोरणानं माझं ऐकलं नाही, मग आता जरा उतरली तर—

उतरली म्हणजे तसं नाही. बसा ना. उतरली म्हणजे थोडी दमट झाली. चौथ्या मजल्यावर दोनशे दहा गोण्या आहेत, वहीत शहाण्णव लाख डॉलर. त्यातल्या सहा उघडल्या. सहांना बुरशी. दोनशे दहांत सहा म्हणजे किती—हो, शेकडा तीनसुद्धा नाही. उघडलेल्या किती? सहाच. ...हो, सहा उघडल्या, सहाही गेलेल्या. पण उरलेल्या मी पाहिलेल्याच नाहीत, बाई! न पाहिलेल्या गोणीत काय आहे हे मला ठाऊक नाही, असं खरेपणानं म्हणता येतं की नाही?

असं बघू नका. सिटसाहेब असंच बघायचे.

बरं, आता कायद्याचं बोलू. सहामाही संपली तीस जूनला. गोण्या मी उघडल्या जुलैत. म्हणजे हे नुकसान पुढच्या सहा महिन्यांचं, डिसेंबरात माल मोजू तेव्हा लिहू, वर्ष तर एकच आहे—काय? जुलैत कळलं तरी बुरशी जूनमधलीच? तुम्ही काय बुरशीचा जन्मदाखला बघितलाय? आणि वर्ष एकच असलं तरी सहा महिने आपल्या पायावर उभे राहिले पाहिजेत, पुढच्या सहांकडून उसनं घेता येत नाही... बरोब्बर, हेच सिटसाहेब म्हणाले. शब्दसुद्धा हेच. तुमच्या शाळेत हे पाठ करून घेतात वाटतं.

पण मला कसं कळणार होतं? मी मुद्दाम थोडंच गेलो होतो तिथं. इमारत रिकामी होती, सगळी मंडळी ड्रॅगन बोटींची शर्यत बघायला गेलेली, मला गुडघ्यामुळे उन्हात उभं राहवत नाही, म्हटलं जरा चौथ्या मजल्यावर चक्कर टाकू. दार उघडलं आणि वास आला—नाही, वास यायचा तो आलाच नाही. नुसता ओल्या पोत्याचा—

काय झालं? लिहिता काय?

...हो. ड्रॅगन बोटी जूनमध्येच होत्या.

बरं. जून तर जून. मी म्हातारा माणूस, महिने चुकतात. खोडा ते. नका खोडू, राहू द्या. माझा राग तुमच्यावर नाही. राग कुणावर करायचा हेच कळत नाही, असं झालंय. मार्चमध्ये गुंतवणूकदार येणार होते, चौघं, चकचकीत बुटांचे. मी म्हणालो, गोदाम कसं इस्पितळासारखं दिसलं पाहिजे. जुन्या सुतळीच्या गोण्या, त्यांना झुरळं, धूळ—सगळ्यांवर जाड प्लास्टिक चढवा, तोंडं पक्की बंद करा. फोटो काय सुंदर आले! बघितलेत ना अहवालात? आमचा आ-बान, गोदामाचा मुकादम, एकतीस वर्षं त्या साली उन्हात उलट्यापालट्या करणारा माणूस, हात जोडून उभा राहिला. म्हणाला, ‘मॉकशेठ, दक्षिणेचा वारा परत यायचे दिवस आलेत, भिंतींना घाम सुटेल, मालाला श्वास घेऊ द्या.’ मी काय म्हणालो? चारचौघांत म्हणालो, ‘आ-बान, तुला श्वास घ्यायचा असेल तर गच्चीवर जा.’ सगळे हसले. तोही हसला. असा आहे तो.

आणि पाहुणे गेल्यावर प्लास्टिक काढायला मी विसरलो. विसरलो नाही—काढलं असतं तर त्याचं खरं होतं असं झालं असतं. घ्या, हेही लिहा.

त्याला माहीत आहे का? नाही. किल्ली माझ्याकडे आहे. दर आठवड्याला येतो, ‘शेठ, चौथा मजला उघडू का, ऊन चांगलं आहे.’ मी म्हणतो, मोजणी चालू आहे. कसली मोजणी असं तो विचारत नाही.

माझ्या वडिलांची एक गोष्ट सांगतो, मग तुम्ही सही करा. मी नऊ वर्षांचा. वादळात छप्पर उडालं, दोन पोती वाळवलेली कालवं भिजली. शेजारचा म्हणाला, उन्हात टाका, मीठ चोळा, बेटावरच्या गिऱ्हाइकाला कळणार नाही. वडिलांनी पोती रस्त्यावर ओतली. आई रडली, ते वर्ष आम्ही भाताच्या पेजेवर काढलं. आणि त्याच संध्याकाळी, हात धुवायच्या आधी, त्यांनी वहीत लाल शाईनं नुकसान लिहिलं. वहीच्या त्या पानाला अजून कालवांचा वास आहे, शपथेवर सांगतो. मी म्हटलं, बाबा, उद्या लिहा ना. ते म्हणाले, ‘उद्या मी वेगळा माणूस असेन.’

...ही गोष्ट मी का सांगितली? माझ्याच विरुद्ध आहे की ही.

कपाखाली काय बघताय? तो कागद राहू द्या. हिशोबाचा नाही तो. यिपबाई, राहू द्या म्हणतो ना—

बरं. बघा. शेअर्सचा अर्ज आहे. उद्या संचालक मंडळानं आकडे मान्य केले की पुढच्या आठवड्यात कामगारांना नवे शेअर्स विकत द्यायचे, या सहामाहीच्या आकड्यांवरून भाव ठरवून. वरची सही आ-बानची. निवृत्तीचे सगळे पैसे आहेत. मीच म्हणालो होतो त्याला, फेब्रुवारीत म्हणालो, तेव्हा साली चांगल्या होत्या, खरंच चांगल्या होत्या! नंतर काय म्हणू? घेऊ नको म्हणालो असतो तर का म्हणून विचारलं असतं—नाही, तेही विचारलं नसतं. आकड्याची जागा कोरी आहे, हो. सकाळी आला, अर्ज ठेवला, म्हणाला, ‘किती घ्यायचे ते तुम्हीच भरा शेठ, मला त्यातलं कळत नाही.’ आणि त्यावर मी चहाचा कप ठेवला. दिवसभर तिथंच आहे कप. तुम्ही यायच्या आधी दोनदा भरून घेतला, उचलायला नको म्हणून.

कर्ज बँक मागे घेईल, ठाऊक आहे? शहाण्णव लाख पुसले तर शेअरचा भाव काय राहील, ठाऊक आहे? माझं नाव आहे या गल्लीत पन्नास वर्षं. सिटसाहेब निदान भांडले तरी, टेबलावर मूठ आपटली, मी त्यांना घालवून दिलं, दोघंही मोकळे झालो. तुम्ही नुसता हात पुढं करून बसलात.

किल्ली हवी?

घ्या. ही मोठी दाराची, ही कुलपाची, जरा वर उचलून फिरवा. खाली आ-बान असेल, त्याला सोबत न्या. तो वास घेईल, तुम्ही लिहा. सगळ्या उघडा, दोनशे दहा. त्याला तुम्ही काही सांगू नका, दारातच कळेल त्याला. मग वर पाठवा माझ्याकडे, जे बोलायचंय ते मी बोलेन. हा अर्ज द्या इकडे—फाडणार नाही, त्याचा त्याला परत देणार आहे, कोराच.

आणि ऐका. तासाभरानं मी खाली येईन. माझा स्वभाव मला माहीत आहे. येईन आणि हसत म्हणेन, यिपबाई, निम्म्या लिहा, निम्म्या डिसेंबरात बघू. पगाराचंही काहीतरी बोलेन. तेव्हा माझ्याकडे बघू नका. गोणीत जे असेल तेच लिहा, हिशोब खरा ठेवा—माझ्यापासूनसुद्धा वाचवून.

जा आता. दार उघडंच असू द्या.