हेलियमची बुजलेली रेघ

नाही, तुम्हीच सांगा, माणसानं तेजोमेघातला तारा अभ्यासाला घ्यावाच का? ला सेरेनात राहतो, समोर समुद्र आहे, सुखानं मासे पकडले असते! पण नाही... आम्ही शेजारच्या दीर्घिकेतल्या ताऱ्याचा उजेड फोडणार आणि त्यातल्या काळ्या रेघा बघत बसणार. तर माझ्या ताऱ्यात हेलियमची एक रेघ नव्हतीच. ती नाही म्हणजे तारा भयंकर तापलेला, आजवर सापडला नाही इतका! आईनं अख्ख्या गल्लीला सांगितलं, शुक्रवारी सभागृहात माझं भाषण ठरलं, आणि मग कळलं, रेघ होती हो! भोवतीच्या मेघाचा उजेड नेमका तिच्यावर सांडून ती बुजली होती. मेघाचा उजेड वजा करायचा असतो, तो मी मोजला कडेच्या फिकट कोपऱ्यात, आणि ताऱ्यापाशी मेघ हा दाट, वजाबाकी कमी पडली! निघाला तारा चारचौघांसारखा. भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू!

बरं, चूक कबूल करावी, मोकळं व्हावं... कसलं मोकळं! 'फिकट कोपरा घे' हे शिकवलं कुणी? ओर्तेंसियाबाईंनी! ज्यांनी मला नोकरी दिली, ज्यांचा तापलेला तारा माझ्या जन्माआधीपासून पुस्तकांत छापतात, तो याच पद्धतीनं! माझा पडला की बाईंचाही पडणार. आणि बाई कशा? एकाला भरसभेत विचारलं, "हा आलेख तू काढलास की मांजरानं?" तो हल्ली द्राक्षं पिकवतो. भीती वाटते हो, खोटं कशाला बोलू!

शेवटी गेलो. बाई चहाबरोबर पावावर अवोकाडो चोपडत होत्या. एका दमात सगळं ओकलो, मग त्यांच्या ताऱ्याभोवतीचा मेघ नव्यानं वजा करून दाखवला... रेघ आली वर. बाई बघतच राहिल्या.

"हे आजवर कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं असेल, बाई... पण तुम्हाला सांगणार कोण?"

"म्हणजे इतकी वर्षं सगळे मला घाबरत होते?"

"हो, बाई."

"मला वाटायचं, त्यांना पटतंय."

इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! मी म्हटलं, राहू दे, मी फक्त माझाच तारा मागे घेतो. तर नाही म्हणाल्या, शुक्रवारी दोघं शेजारी उभे राहू, दोन्ही तारे आपणच खाली आणू. मला हायसं वाटलं, जिवात जीव आला, दारापर्यंत पोचलोसुद्धा...

"एलिसेओ, पहिलं वाक्य मात्र तू बोल."

आता बाईंना नाही कोण म्हणणार?