राजाचा दर, गजराबाईचा दर

शिलाई मशीनसाठी कर्ज मागायला सुसाना नवापूरच्या फलाटावर गजराबाईच्या मागच्या बाकावर येऊन बसली होती. गजराबाईचा दर महिन्याला शेकडा दोन, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण गजराबाई सुरतेला अर्थशास्त्राच्या परीक्षेला निघालेल्या भाच्याची, लोटनची, उजळणी घेत होती.

“विलायतमा व्याज लेनं पाप व्हतं, फुई. पाद्री म्हनेत, पैसा काय गाय शे का, वासरू देवाले?”

“मंग?”

“मंग राजानं दर बांधी दिधा. शंभरले दहा. मंग आठ, मंग सहा.”

“राजा सोता कर्ज ले का?”

“ले.”

“मंग दर उतरीच. यापारी काय म्हनेत?”

“एक म्हने, दर उतरना तर यापार वाढी. दुसरा म्हने, यापार वाढना तर दर उतरी.”

“खरं कोनं निंघनं?”

“पन्नास वरीस पुस्तकं लिखत ऱ्हायनात.”

“अन् तवलोंग कर्ज लेनारा?”

“व्याज भरत ऱ्हायनात.”

सुसाना उठून पुढे आली.

“मावशी, मला शिलाई मशीन घ्यायचंय. राजाच्या दरानं पैसे द्या.”

गजराबाईनं भाच्याकडे पाहिलं.

“लोटन, ते शंभरले सहा, म्हैनानं का वरीसनं?”

“वरीसनं.”

“हळू नई सांगता ये का?”

“मी ऐकलं,” सुसाना म्हणाली.

“बरं. वरीसनं बारा. अन् दर दिवाळीले मन्ही चोळी फुकट शिवशी.”

“शिवीन.”

“फुई, फुकटनी चोळी बी व्याजच शे. पुस्तकमा लिखेल शे.”

“गाडी उनी. बैस.”