खेळाच्या पेपरात गुंडाळलेलं मासिक

हॅलो?… हो, एन्कार्नाच बोलतेय. या घरात दुसरं कोण फोन उचलणार? आपल्या बाबांनी कधी उचललाय?…

कोन्सु, हळू बोल. ते आत आहेत, कपडे बदलतायत… नाही गं, तब्येत बरी आहे. बाहेर निघालेत… दगडवाल्याकडे. निरोपात सांगितलं होतं ना मी, तेच. आजीच्या कबरीवर फोटो बसवायचाय, संतांच्या सणाला सगळे कबरींवर फुलं वाहायला येतात त्याच्या आत.

अगं ऐक ना. आजीचा नाही. आजोबांचा…

हो, हो, मला माहितेय त्यांचा एकही फोटो नाही. यादवी युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांना घरातून उचलून नेलं ते कायमचं, आणि आजीने भीतीने होते नव्हते ते सगळे फोटो चुलीत घातले. मला काय सांगतेस? तिच्या कबरीच्या फरशीवर फोटोंसाठी दोन गोल कोरलेत, एकात ती आणि दुसरा रिकामा. दर सणाला तो रिकामा गोल पुसते कोण? मीच ना?…

म्हटलं ना निरोपात, मासिकात सापडला. हो, त्याच इतिहासाच्या मासिकात. तुझ्या भाषेत रंगीत रद्दी…

म्हणाली होतीस. नाताळात, सगळ्यांसमोर. तेव्हापासून तू आलीस की बाबा अंक पलंगाखाली सरकवतात…

अगं, तू शाळेत शिकवतेस, तुला जाडजूड पुस्तकं झेपतात. बाबा नवव्या वर्षी मेंढ्यांमागे गेले. त्यांना हे मासिक पुरतं. मसूर शिजेपर्यंत चार पानं होतात. चित्रं असतात, नकाशे असतात, त्यावर बोट फिरवत बसतात. हॅनिबलचे हत्ती डोंगरावर कुठून चढले ते मला भांडी घासताना ऐकवतात. जणू काल मोजून आले. ते मासिक त्यांना अडाणी समजत नाही, कोन्सु. आपण समजतो… आपण म्हटलं मी. मी पण त्यात आले…

फुटबॉल? बाबा कसलं फुटबॉल वाचतात? तुला अजून ठाऊकच नाही का?… अगं, रोमन नाहीतर फॅरोंचा अंक असला की काखेत मारून आणतात, मुखपृष्ठ वर. पण आपल्या युद्धाचा अंक असला की पेपरच्या स्टॉलवरचा फर्मीन तो खेळाच्या पेपरात गुंडाळून देतो. न सांगता. बाबा दोन्हीचे पैसे देतात, तेही न बोलता…

अजूनही, हो. चौकातून यायचं असतं ना. बारच्या दारात कोण कोण बसलेलं असतं, कोणाचे वडील तेव्हा कोणत्या बाजूला होते, ते तुला शहरात बसून नाही कळायचं. अख्ख्या गावाला वाटतं, म्हाताऱ्याला उतारवयात फुटबॉलचं वेड लागलं. काल काय झालं हो, म्हणून सामन्याचं विचारतात. बाबा मान हलवून म्हणतात, वाईट झालं. कोणीही जिंकलेलं असो…

हसू नकोस. मीही हसले होते आधी.

तर या महिन्यात तोच अंक. त्यात आपल्या भागातल्या तेलाच्या घाण्यावरच्या कामगारांचा फोटो आहे, युद्धाआधीचा. कुणा वाचकाला माळ्यावर सापडला, त्याने पाठवून दिला. नावं कुणाचीच नाहीत. बाबा जेवता जेवता थांबले. चमचा तसाच हातात. मग म्हणाले, हे माझे वडील…

तीन वर्षांचे होते तेव्हा, मान्य आहे. चष्मा जुना आहे, तेही मान्य… केला ना, मासिकाला फोनसुद्धा केला मी. बाई चांगली होती बिचारी. म्हणाली, खात्रीने सांगता येणार नाही, पाठवणाऱ्यालाही माहीत नाही…

तेच म्हटलं मी बाबांना. परक्याचा चेहरा आजीशेजारी कसा लावायचा? तर काय म्हणाले माहितेय? म्हणाले, परका निघाला तर निघू दे. कोणाच्या तरी बापाला फुलं मिळतील…

हो. असंच म्हणाले…

थांबवू म्हणजे कसं? दाराला कुलूप घालू?… कोन्सु, मला जमणार नाही ते.

काय?… तू घेतलास अंक? कधी?… माझा निरोप ऐकून? बरं केलंस. आण, मी थांबते…

अडतिसावं पान. मागची रांग, डावीकडून तिसरा, टोपी मागे सरकवलेला. खालची ओळ वाचू नकोस. नुसतं तोंड बघ…

कोन्सु?…

अगं, आहेस ना?…

हो. हुबेहूब तुझा लेक, रुबेन. ती भुवई, तो एक खांदा खाली… मला पहिल्याच दिवशी दिसलं. मुद्दाम नाही बोलले. तू म्हणाली असतीस, मीच तुझ्या डोक्यात भरवलं… नाही, बाबांनाही नाही सांगितलं. त्यांना सांगायची गरजच नव्हती.

रड गं. रडून घे. मीही त्या दिवशी गॅससमोर उभी राहून रडले…

थांब जरा. बाबा, मफलर घेतलात का?… घेतलाय म्हणे. गेले.

खिडकीपाशी येते, वायर पुरते इथवर… लग्नाचा कोट घातलाय. ढगळ होतो आता. मासिक काखेत आहे… खेळाचा पेपर? तो इथे माझ्यासमोर टेबलावर पडलाय. घडीसुद्धा मोडलेली नाही. मुखपृष्ठ बाहेर आहे, कोन्सु. सगळ्या चौकाला दिसेल असं.

बारसमोर पोचले… थांबले. कोणीतरी काहीतरी विचारलं… सामन्याचंच असेल, दुसरं काय. मान नाही हलवली त्यांनी. पान उघडलंय. बोट ठेवून दाखवतायत…

इथून कसं ऐकू येईल काय म्हणतायत ते? एक जण उठून आत गेला. त्याचे वडील त्या बाजूचे, तो जाणारच होता. बाकीचे बसलेत… दुसरा एक वाकून बघतोय. आता तिसराही.

बाबा एकटेच उभे आहेत गं तिथे.

ऐक, मी ठेवते. गॅस बंद करते आणि खाली जाते… थांबवायला नाही, बरोबर जायला. तू सणाला ये. रुबेनला आण. बाबांना म्हणावं, त्याला त्या गोलाशेजारी उभा करा आणि मनसोक्त बघा…

हो. हो, सांगते. ठेव आता, मला बूट घालायचेत.